‘शोभा’चे दोन तुकडे

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: “घरी लेझर कटर घेतलाय, दारावरच्या पाटीची फाइल कशी करायची? मराठी फॉन्टमध्ये नाव टाइप केलं की झालं ना?”

नाही होत. टाइप करणं ही नुसती सुरुवात. माझ्याकडे निळ्या डायोडचं दहा वॉटचं मशीन आहे आणि गेली चार वर्षं मी त्यावर नावाच्या पाट्या कापते. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ मशीनपुढे जात नाही, इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जातो.

आपण शब्द वाचतो, मशीन फक्त रेघ बघतं. ‘शोभा’ टाइप करा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा (म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेघा होतात), ग्रुप सोडवा, आतला रंग काढून टाका आणि नुसत्या कडा ठेवा. मग मोठं करून बघा. एका अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात किंचित घुसलेली दिसेल आणि तिथे उभ्या बारीक रेघा असतील. रंग भरलेला असताना त्या दिसतच नाहीत. मशीन मात्र त्या इमानेइतबारे कापतं, आणि पाटीऐवजी हातात सुटी अक्षरं येतात. म्हणून सगळी अक्षरं निवडून ‘युनियन’ करायचं. आतल्या रेघा जातात, बाहेरची एक अखंड कड उरते.

एवढं करूनही ‘शोभा’ दोन तुकड्यांतच निघते. का, ते हाताने लिहून बघा. ‘भ’च्या डाव्या अर्ध्या भागावर शिरोरेषा नसते. ‘ध’चंही तसंच. त्यामुळे ‘शो’ इकडे, ‘भा’ तिकडे. ‘माधव’ असाच ‘मा’पाशी तुटतो. एरवी शिरोरेषा म्हणजे आपल्या लिपीचं केवढं मोठं सुख! इंग्रजी नाव कापलं की प्रत्येक अक्षर वेगळं पडतं, आपला शब्द दोरीवर वाळत घातल्यासारखा एकत्र राहतो. ही दोरी कुठे तुटते ते नाव ऐकल्याबरोबर ओळखायला शिका. अशा नावाला मी खालून एक पट्टी देते आणि सगळ्या अक्षरांचे पाय तिच्यात रुजवते. ‘भ’च्या डोक्यावर रेघ ओढून जोडू नका, त्याचा ‘म’ होतो. लोकांचं नाव आहे ते.

अनुस्वार हे दुसरं दुखणं. ‘स्पंदन’मधलं टिंब कुणालाच चिकटलेलं नसतं. ते मशीनच्या खालच्या जाळीतून पडतं आणि राखेत शोधावं लागतं. काहीजण टिंबाला दांडी देऊन शिरोरेषेशी जोडतात. मला ते रुचत नाही, ती दांडी वाचताना मात्रेसारखी दिसते. मागे दुसरी पाटी लावायची असेल तर टिंब सुटंच कापा. शब्द काढून घेतल्यावर उरलेला बोर्ड फेकू नका. तो मागच्या पाटीवर ठेवा, शब्द आणि टिंब त्याच्या भोकांत बसवून चिकटवा, मग बोर्ड उचला. टिंब अगदी जागच्या जागी बसतं.

रंग मारायचा स्टेन्सिल करायचा असेल तर सगळं उलटं होतं. तिथे टिंबाची काळजी नाही, पण ‘ब’, ‘व’, ‘प’, ‘म’ यांची पोटं गळून पडतात. प्रत्येक पोटाला निदान दोन पूल, म्हणजे ते बाहेरच्या भागाशी जोडून ठेवणाऱ्या न कापलेल्या बारीक पट्ट्या हव्यात, एका पुलावर ते हलतं.

फॉन्ट निवडताना ‘गणेश’ लिहून बघत जा. ‘ग’, ‘ण’, ‘श’ तिन्हींचे डावे भाग काण्यापासून सुटे, फक्त शिरोरेषेला लटकलेले. ती बारीक असली तर पॉलिश पेपर मारतानाच पाटी हातात तुटते. तीन मिलिमीटरच्या एमडीएफसाठी (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) मी चार मिलिमीटरपेक्षा बारीक शिरोरेषा ठेवत नाही. मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मोफत मिळतात. ‘बालू’ चांगला जाड आहे, सुरुवात त्याने करा.

माप. यात मी एकदा पोळले आहे. एकांनी दिलेली जुनी एसव्हीजी (इंकस्केप जी बनवतं ती रेघांच्या चित्राची) फाइल मी तशीच कापली. पाटी ३०० मिलिमीटरची हवी होती, निघाली २८१ची, आणि त्यांच्या भिंतीत भोकं आधीच पाडून झाली होती. इंकस्केप पूर्वी एका इंचाला ९० पिक्सेल धरायचं, २०१७ साली आलेल्या ०.९२ आवृत्तीपासून ९६ धरतं. ३०० गुणिले ९० भागिले ९६ करून बघा, २८१.२५ येतात. तेव्हापासून मी प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा एक चौकोन काढते. लाइटबर्नमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फाइल उघडली की आधी त्याचं माप बघते, तो १००चा असला तर पुढे जाते आणि त्याला पुसून टाकते.

एकमेकांत बसणाऱ्या खाचा असलेली वस्तू करणार असाल तर लेझर स्वतः किती जागा खातो तेही काढावं लागेल. दहा-दहा मिलिमीटरचे दहा तुकडे कापा, एकाला एक चिकटवून ठेवा आणि व्हर्नियरने (बारीक मापं मोजायच्या पट्टीने) मोजा. ९८.६ भरले तर प्रत्येक कापात ०.१४ गेले. खाच तेवढी अरुंद काढायची. नुसत्या पाटीसाठी याची गरज नाही.

फोटो पाठवून “यावरून करा” म्हणणाऱ्यांना मी नावच टाइप करून मागते. फोटोचं ट्रेसिंग केलं, म्हणजे सॉफ्टवेअरकडून फोटोतल्या कडा रेघांत उतरवून घेतल्या, की अक्षराच्या कडेवर शेकडो बिंदू येतात आणि मशीन धक्के खात चालतं.

कापण्याचा क्रम ठरवताना आधी कोरीवकाम, मग आतली भोकं, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. कड आधी सुटली तर तुकडा सरकतो आणि भोकं तिरकी पडतात.

आणि एमडीएफ लावायच्या आधी तीच फाइल जुन्या लग्नपत्रिकेवर कापा, पॉवर पार कमी करून, मशीनपाशी उभं राहून. मग पहिल्या अक्षराला चिमटीत धरून अलगद उचला. अख्खा शब्द वर आला तर फाइल तयार आहे. काही जाळीवर मागे राहिलं तर ते काय राहिलं ते बघा, आणि परत इंकस्केप उघडा.