झाकण

काकांनी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला तो रात्री अडीच वाजता. गादीवर स्टीलची वाटी, वर छताचं हॅच, म्हणजे झाकणाची छोटी खिडकी, आणि पंधरा-वीस सेकंदांनी एकदा टप्. मागून काकूंचा आवाज येतो, "अहो झोपा आता, वाटी भरली की मी ओतते." सकाळी मी फोन केला तर काकांचं पहिलं वाक्य, "अर्धी वाटी झाली हो पहाटेपर्यंत." काका बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे गळतीचाही हिशोब ठेवलेला.

मी त्यांना बनवून दिलेली मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, ताम्हिणी घाटात उभी होती. जुलैतलं ताम्हिणी म्हणजे पाऊस वरून, बाजूने आणि जमिनीवरून उसळूनही येतो. तिथे कोरडी राहिली तर गाडी कुठेही कोरडी राहील, असं मीच त्यांना डिलिव्हरीच्या वेळी ऐटीत सांगितलं होतं.

माझी भोसरीत शेड आहे, मोटारहोमचं काम करतो. ट्रॅव्हलरसारखी मिनीबस येते, आतलं सगळं काढतो आणि बेड, किचन, टॉयलेट, पाण्याची टाकी, बॅटरी बसवतो. लोकांना वाटतं अवघड काम सुतारकाम किंवा वायरिंग असेल. तसं नाही. अवघड काम म्हणजे चांगल्या धडधाकट छताला स्वतःच्या हाताने भोक पाडणं. पहिल्या वेळी माझे हात थरथरले होते, आणि आजही जिगसॉ, म्हणजे पत्रा कापायची विजेची करवत, चालू करायच्या आधी मी तीनदा माप घेतो. सुतार चुकला तर फळी बदलता येते, पत्र्याचं तसं नाही.

छताच्या पत्र्याखाली आडव्या लोखंडी कड्या असतात, घराच्या तुळयांसारख्या. छताची ताकद त्या कड्यांत असते, पत्रा नुसता पातळ चादरीसारखा. छोटं हॅच चौदा बाय चौदा इंचाचं, हे अमेरिकन माप. युरोपचं चारशे बाय चारशे मिलिमीटर. त्याच्या वरचं म्हणजे सातशे बाय पाचशे. चौदा इंची हॅच बहुतेक वेळा दोन कड्यांच्या मधे बसवता येतं. सातशे बाय पाचशेला मात्र कडीत हात घालावाच लागतो, आणि कडी कापली की तिचा भार घ्यायला चारही बाजूंनी पंचवीस बाय पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनी बॉक्स पाइपची चौकट वेल्ड करावी लागते. ती मी स्वतः उभा राहून करून घेतो. बिजागरी नेहमी पुढच्या बाजूला, म्हणजे झाकण चुकून उघडं राहिलं आणि गाडी हायवेला लागली तरी वारा ते दाबून ठेवतो, उपटून नेत नाही. हे ज्याला माहीत नसतं त्याचं झाकण एक दिवस एक्स्प्रेसवेवर मागच्या गाडीच्या काचेवर जाऊन पडतं.

कापायला जिगसॉच, ग्राइंडर नाही. ग्राइंडरच्या ठिणग्या आजूबाजूच्या पेंटमध्ये रुततात, आणि महिनाभरात छतावर गंजाची गोवर उठते. कापलेल्या कडेला झिंकचा प्रायमर, मग ब्यूटाइलची, म्हणजे चिकट रबराची टेप, वरून फटी बुजवायला पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉनला माझ्या शेडमध्ये बंदी आहे. बाथरूमच्या टाइल्सना ते ठीक. गाडीच्या छतावर एकदा लागलं की त्याचा तवंग निघता निघत नाही, आणि त्यावर पुढे कुठलंच सीलंट धरत नाही. झाकणाचं ॲक्रिलिक आणि छताचा पत्रा उन्हात सारखे फुगत नाहीत, ॲक्रिलिक पाच-सहा पट जास्त फुगतं. पाचशे मिलिमीटरवर, पहाटेच्या थंडीपासून दुपारी तापलेल्या छतापर्यंत, दीड-पावणेदोन मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून झाकण रबरावर नुसतं टेकलेलं हवं, आवळलेलं नको. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, तरी पोरं स्क्रू पिळतातच.

तर बुधवारी संध्याकाळी काका गाडी आणून लावून गेले. हॅचच्या भोवती पांढरं सिलिकॉन फासलेलं. "मुळशीला एका हार्डवेअरवाल्याने दिलं, तात्पुरतं." मी काही बोललो नाही. काय बोलणार? मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले की प्रत्येकजण मिस्त्री होतो.

गुरुवारी आमच्याकडे एमआयडीसीची सुट्टी. मला सुट्टीच हवी होती, कारण गळती शोधायला शांतता लागते. हेल्परला तेवढं बोलावून घेतलं. पद्धत सोपी: एकाने छतावर पाइपने पाणी मारायचं, दुसऱ्याने आत बसून टॉर्च मारत बघायचं. पाणी खालून वर सरकवत न्यायचं, आधी मागची कड, मग बाजू, शेवटी बिजागरी. एकदम सगळीकडे मारलं तर कुठून शिरलं ते कळत नाही. मी आत गेलो, खिडक्या लावल्या आणि सरकता दरवाजा ओढून घेतला. फोन बाहेर टेबलावर चार्जिंगला होता. हेल्परला म्हणालो, अर्धा तास एकाच कोपऱ्यावर धार सोड. त्याने पाइप शिडीला बांधला आणि मला न सांगता चहाला गेला.

वीस मिनिटं झाली तरी एक थेंब नाही. मी खूश. माझं सील पक्कं आहे, हे माझ्याशीच सिद्ध झालं होतं. म्हटलं चला, बाहेर पडू. दरवाजाचं आतलं हँडल ओढलं तर ते लुळं. परत ओढलं. खिट्टी जागची हलेना.

आधी हसू आलं. मग हाका मारल्या. बाहेर पत्र्याच्या शेडवर पाऊस आणि गाडीच्या छतावर पाइपची धार, त्यात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मागचं दार बेड आणि कपाटाने बंद, ते आम्हीच बंद केलेलं. केबिनकडे पार्टिशन, कारण काकूंना एसीची हवा वाया जाऊ द्यायची नव्हती, आणि त्यातली सरकती काच जेमतेम डबा पास करण्याएवढी. उजवीकडच्या खिडकीला शेडची भिंत चिकटलेली. डावीकडची खिडकी ओट्याच्या वर, तीही वीतभर उघडणारी. राहिलं हॅच.

जिवाला काही धोका नव्हता, हे आधीच सांगतो. वेळ आली असती तर पार्टिशनला लाथ घातली असती. पण मी बेडवर चढलो, मच्छरजाळी सरकवली, दोन्ही खिट्ट्या फिरवल्या आणि झाकण वर ढकललं. अंगावर पाण्याची धार, आणि झाकण टक् करून थांबलं.

छतावर कॅरियरची आडवी पाइप. काकांना वर बसून चहा प्यायचा होता, म्हणून डिलिव्हरीनंतर महिन्याने ते फोल्डिंगच्या खुर्च्या ठेवायला कॅरियर करून घ्यायला आले होते. त्या दिवशी मी नव्हतो. आमच्या वेल्डर मामांनी केलं, आणि काम म्हणून पाहाल तर फार सुबक, वेल्डवर बोट फिरवलं तरी अडकणार नाही. फक्त पाइप हॅचच्या डोक्यावरून गेलेली. झाकण चाळीसेक अंशाला त्या पाइपला टेकायचं, म्हणजे मागच्या बाजूला फटीची उंची एक फूट. हवेला पुरे. मामा नंतर म्हणाले, "उघडतंय की शेठ, मी उघडून बघितलं होतं." खरंच बघितलं होतं. खिडकी उघडते का हे बघितलं होतं.

डोकं गेलं. एक खांदा गेला. दुसरा खांदा जाळी-पडद्याच्या फ्रेमला अडकला, कारण सातशे बाय पाचशे हे कापलेल्या भोकाचं माप, त्यातलं बोट-दीड बोट चारही बाजूंनी आतल्या फ्रेमने खाल्लेलं. कॅटलॉगमध्ये बाहेरचं माप मोठ्या अक्षरात असतं, माणूस जातो ते माप कुठेच नसतं. हात वर करून तिरका झालो, तर पाठ झाकणाला घासली. आणि पायाखाली गादी, दाबली की आत जाणारी. रेटा द्यायला काही नाही. माझं वय चोपन्न, वजन सांगत नाही.

अडकलेल्या अवस्थेत, अर्धं डोकं पाइपच्या धारेखाली, मला एकच गोष्ट दिसायला लागली. गॅसची शेगडी सरकत्या दरवाजाच्या शेजारी आहे. सिलिंडरचा कप्पाही तिथेच. म्हणजे आग लागलीच तर ती बेड आणि दरवाजा यांच्या मधे असणार. असा आराखडा मी सात गाड्यांना दिलाय, कारण शेगडी दाराशी असली की धूर बाहेर जातो आणि काकूंसारख्या बायकांना ते आवडतं. आराखड्यावर हॅचपुढे मी प्रत्येक वेळी "प्रकाश व हवा" असंच लिहिलंय. 'वाट' असं कधी लिहिलं नाही.

खाली बसलो. झाकण लावलं. घाम येत होता, श्वास जोरात चालला होता, वरून बोअरचं गार पाणी चालूच. दहा-बारा मिनिटांनी टॉर्च सहज वर मारला, तर आतल्या फ्रेमच्या स्क्रूच्या डोक्यांवर पाणी. आठ स्क्रू, प्रत्येकाला एक टपोरा थेंब, लोलक लावल्यासारखा. पुसले. परत आले. सगळ्यांना एकाच वेळी.

गळती अशी नसते. गळती एका कोपऱ्यातून येते, तिला उतार असतो, ओघळ असतो. हे आतलं पाणी होतं. माझ्या श्वासाचं. माझी लाडकी बॉक्स पाइपची चौकट वरच्या गार पत्र्याला वेल्ड केलेली, आणि आतल्या फ्रेमचे स्क्रू थेट त्याच चौकटीत पिळलेले. बाकी छताला मी वीस मिलिमीटरचं फोम लावलं होतं, पण चौकटीपाशी लोखंडाने गारवा सरळ आत आणला. ताम्हिणीत दोन माणसं, वर मॅगी शिजवलेली, ओले कपडे दोरीवर, आणि पाऊस म्हणून सगळ्या खिडक्या घट्ट. वाटीतलं पाणी काका-काकूंचंच होतं.

एवढ्यात हेल्पर वडापाव घेऊन आला आणि बाहेरून दरवाजा सर्रकन उघडला. एका झटक्यात. "शेठ, आत का बसलाय अजून?" एकूण चाळीस मिनिटं झाली असतील.

दरवाजाचं कारण अर्ध्या तासात सापडलं. आतल्या बाजूला आम्ही लावलेला प्लाय पावसाळ्यात फुगला होता आणि हँडलच्या सळईला दाबत होता. बाहेरच्या हँडलची सळई वेगळी, ती मोकळी. दोन मिलिमीटर रंधा मारला की झालं. मला लाज याचीच वाटते, की ते एवढं सोपं होतं.

शुक्रवारी हॅच उतरवलं. सिलिकॉन खरवडायला पोराचे साडेतीन तास गेले, ते काकांच्या बिलात लावले नाहीत. खाली ब्यूटाइल कोरडं ठणठणीत. मात्र डाव्या मागच्या कोपऱ्यात, कापलेल्या कडेवर, केसाएवढी तांबडी रेघ. त्या कोपऱ्यात कुणीतरी ग्राइंडर लावला होता. कुणी, ते कुणी कबूल करत नाही. मामा म्हणतात, "शेठ, पाणी कुठंतरी शिरतंयच, गंज काय हवेनं आला?" मी म्हणतो, आतल्या ओलीनेही गंज येतो. वाद मिटलेला नाही. मला माझं म्हणणं खरं वाटतं, पण ते मला खरं असायला हवंय, हेही मला कळतं.

आता चौकट आणि आतली फ्रेम यांच्यामध्ये प्लास्टिकची पट्टी घातली, पाइपच्या पोकळीभोवती फोम भरलं, आणि काकांना सांगितलं की पावसातही झाकण हवेच्या खाचेवर ठेवायचं, पूर्ण बंद करायचं नाही. ते फोनवर थोडा वेळ गप्प राहिले. "म्हणजे गळू नये म्हणून उघडं ठेवायचं?" हो काका, तसंच. त्यांचा विश्वास बसला असं वाटत नाही.

कॅरियरची पाइप कापून हॅचच्या पुढे नेली. झाकण आता पूर्ण उघडतं. आणि शेडमध्ये प्लायची एक चौकट टांगली, आतून बरोबर माणूस जातो त्या मापाची, छताच्या उंचीवर, खाली जुनी गादी. गुरुवारी मी जे केलं ते सगळ्यांनी करून बघायचं. चहावाला पोरगा मांजरासारखा निघाला. हेल्पर दुसऱ्या प्रयत्नात. मामांनी नकार दिला, गुडघा पुढे केला. चौदा इंची हॅचच्या मापाची चौकटही केली होती, तिच्यातून पोरगा सोडून कुणीच गेलं नाही. गाडीचा आराखडा मंजूर करून घेताना मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, बदलासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, सगळे कागद मी नीट ठेवतो. पण कागद ठेवले म्हणून खांदा बाहेर पडत नाही.

शनिवारी काका-काकू गाडी न्यायला आले. काका बिल तपासत बसले. काकूंनी टांगलेली चौकट बघितली, विचारलं हे काय, आणि मी सांगितल्यावर पर्स माझ्या हातात दिली. पदर खोचला, गादीवर उभ्या राहिल्या, दोन्ही हात वर घालून कड धरली. वय चौसष्ट. डोकं आणि खांदे सहज वर आले, माझ्यापेक्षा कितीतरी सहज. मग थांबल्या. हात थरथरायला लागले होते.

"हे झालं," त्या वरून म्हणाल्या. "आता पाय कुठे ठेवू?"