नऊ नंबरची जागा

स्मरणिकेत बहुतेक जण वर्गाबद्दल, बाईंबद्दल, निकालाबद्दल लिहितील. मला फुटबॉलच्या मैदानातल्या एकाच जागेबद्दल लिहायचंय. मी शाळेच्या संघात लेफ्ट आउटला, म्हणजे पुढच्या फळीत डाव्या कडेला खेळायचो. माझं थोडंफार नाव झालं ते वेगामुळे, असं सगळे म्हणत. खरं तर ते आमच्या सेंटर फॉरवर्डमुळे, म्हणजे पुढच्या फळीत मधोमध खेळणाऱ्या नऊ नंबरमुळे झालं.

तो अंगाने दणकट, पळण्यात मध्यम. पीटीच्या सरांनी त्याला आठवीतच हेरलं. शाळा सुटली की सर त्याला गोलकडे पाठ करून उभं करायचे, मागे दोन स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू. हाफलाइनवरून चेंडू यायचा, कधी छातीवर, कधी घोट्यापाशी. आमच्या मैदानात गवत नावालाच, खाली सगळा मुरूम. चेंडू कसा उसळेल याचा भरवसा नसे. मागून धक्के बसत असताना तो एक हात मागे पसरून स्टॉपर कुठल्या बाजूला आहे ते चाचपायचा, चेंडू पायाखाली घ्यायचा आणि धावत येणाऱ्याच्या पुढ्यात ठेवायचा. ‘गोल नंतर, आधी चेंडू टिकव,’ हे सरांचं पालुपद.

दहावीत आंतरशालेय स्पर्धेच्या तोंडावर त्याला कांजिण्या झाल्या. त्याच्या जागी आमच्यातला सगळ्यांत चपळ मुलगा उतरला. जीव तोडून खेळला, पण आक्रमण म्हणून काही उरलंच नाही. एरवी मला एकट्या बॅकला चुकवायचं असे. त्या दिवशी स्टॉपरही माझ्या अंगावर धावून यायचा, कारण त्याला मध्ये अडकवून ठेवणारं कोणी नव्हतं. आम्ही लांब मारलेला चेंडू क्षणात परत आमच्याच गोलवर. मधल्या फळीला वर यायला उसंत मिळेना. हरलो.

त्याच वर्षी, २५ ऑक्टोबर २०१७ ला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील विश्वचषकाची स्पेन-माली उपांत्य लढत झाली. सरांनी आम्हाला बजावलं होतं, चेंडूकडे नाही, स्पेनच्या आबेल रुईझकडे बघा. त्याने दोन गोल केले, स्पेन ३-१ ने जिंकला. पण मी बघत होतो ते चेंडू जवळ नसतानाचं त्याचं पळणं. सेंटर फॉरवर्ड जवळच्या पोस्टकडे झेपावला की स्टॉपर त्याच्यामागे ओढला जातो आणि लांबचा पोस्ट मोकळा होतो. बघणाऱ्याला वाटतं, दुसऱ्याने सोपा गोल मारला.

म्हणूनच २०१८ च्या विश्वचषकात फ्रान्सच्या सेंटर फॉरवर्डला, जिरूला, लोक नावं ठेवत होते तेव्हा मला राग यायचा. त्याचा एकही फटका गोलवर गेला नाही, हे खरं. पण फ्रान्स जगज्जेता झाला तो त्यालाच मध्ये ठेवून. एम्बापे आणि ग्रीझमनला मोकळी जागा मिळत होती ती त्याच्यामुळेही. यावर मित्र २०१२ च्या स्पेनचा दाखला देतात: सेंटरला फॅब्रेगास हा मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, तरी युरो स्पर्धा जिंकले. जिंकले, पण मधल्या फळीत झावी आणि इनिएस्ता पाठीशी होते. शाळेच्या संघाने सेंटर फॉरवर्डशिवाय खेळायचा हट्ट धरू नये.

आपल्याकडे ही जागा कधी ओस नव्हती. मुंबईत टाटांकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली आणि भारत उपांत्य फेरीत पोचला. पुढे सुनील छेत्री. जून २०२४ मध्ये तो आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला. त्या अख्ख्या वर्षात भारताने एकही सामना जिंकला नाही. मार्च २०२५ मध्ये त्याला चाळिशीत परत बोलवावं लागलं. क्लब या जागेवर बहुधा परदेशी खेळाडू आणतात आणि आपली पोरं विंगला, म्हणजे कडेला सरकतात.

मी आता शनिवार-रविवार लहान मुलांना शिकवतो. प्रत्येकाला विंगला पळायचं असतं, सेंटरला धक्के खायला कोणी तयार नसतं. शाळेच्या आजच्या क्रीडाशिक्षकांना माझी एकच विनंती आहे. आठवीतला एक धिप्पाड, शांत डोक्याचा मुलगा निवडा, त्याला दोन वर्षं गोलकडे पाठ करून चेंडू घ्यायला शिकवा, आणि गोल झाले नाहीत म्हणून त्याला बदलू नका. मागे स्टॉपर म्हणून धक्के द्यायला मी दर शनिवारी येईन.