१९९१च्या मियाटाचे ब्रेक आणि डिफरन्शियल

माझ्याकडे १९९१ सालची माझ्दा एमएक्स-५ आहे; इथे अमेरिकेत तिला सगळे मियाटा म्हणूनच ओळखतात. १.६ लिटरचे इंजिन, मागच्या चाकांना मिळणारी ताकद आणि हजार किलोच्या आतले वजन एवढ्या भांडवलावर ही गाडी जो आनंद देते, तो तिच्या कितीतरी पट किमतीच्या गाड्यांना साधत नाही. हा तोल बिघडू नये म्हणून मी एक नियम पाळला: माझ्दाने याच गाडीसाठी पुढे जे सुधारित भाग बनवले, शक्यतो तेच बसवायचे.

१९९४च्या मॉडेलपासून १.८ लिटरचे इंजिन आले आणि त्याबरोबर पुढच्या डिस्कचा व्यास २३५ मिलिमीटरवरून २५५वर, तर मागच्या डिस्कचा २३१वरून २५१वर गेला. हे ब्रेक जुन्या गाडीवर चढवताना कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारा भाग) तेच राहतात, फक्त ब्रॅकेट, डिस्क आणि पॅड बदलावे लागतात, आणि १४ इंची चाकेही अडत नाहीत. डिस्क मोठी झाली की गाडी लगेच कमी अंतरात थांबते, असा समज मात्र बाळगू नये. एकदाच जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे थांबणार हे टायरची पकड ठरवते; मोठ्या डिस्कचा खरा उपयोग वळणावळणाच्या ट्रॅकवर पुन्हा पुन्हा ब्रेक लावताना होतो, कारण तिच्यात उष्णता जास्त सामावते आणि पॅड उशिरा दमतात. पुढचे आणि मागचे ब्रेक एकत्रच बदलावेत, असे माझे ठाम मत आहे. केवळ पुढचे वाढवले, तर मागच्या चाकांच्या वाट्याचे काम कमी होते आणि कारखान्याने साधलेले प्रमाण मोडते.

ब्रेक ऑइलकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ते हवेतली आर्द्रता शोषून घेत असल्याने, पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. जुने ऑइल तसेच ठेवून नव्या डिस्कवर पैसे घालण्यात मला अर्थ वाटत नाही. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असल्यामुळे नवे पॅड बसवताना तिथला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) नुसता दाबून आत जात नाही. कॅलिपरच्या मागचा बोल्ट काढून आतला स्क्रू ४ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने फिरवावा लागतो.

डिफरन्शियलचे, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरसंचाचे काम अधिक खर्चाचे आहे. १.६च्या गाडीत ६ इंची रिंग गिअर (डिफरन्शियलमधले मोठे दातेरी चाक) येतो आणि इंजिनची ताकद वाढवली की आधी तोच दगा देतो. १९९४पासून ७ इंची डिफरन्शियल आले आणि त्यात टॉर्सेनचा, म्हणजे एक चाक घसरू लागले तरी दुसऱ्याला ताकद पोचवणाऱ्या प्रकाराचा पर्याय मिळू लागला. ते घेताना दोन्ही हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकांपर्यंतचे दांडे) आणि प्रोपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा दांडा) त्याच गाडीचे घ्यावेत, कारण जुने त्याला जुळत नाहीत. शिवाय १९९४च्या गाडीचे गुणोत्तर (चाकांच्या एका फेरीमागे प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या) ४.१ आहे, आपले ४.३. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असल्याने या अदलाबदलीनंतर तो खऱ्या वेगापेक्षा सुमारे ५ टक्के कमी दाखवतो. दुसऱ्या पिढीच्या, १९९९च्या पाच गिअरच्या गाडीतला ४.३चा टॉर्सेन मिळाला, तर हा प्रश्न उरत नाही आणि उचलही तशीच राहते. मी त्याच्याच शोधात आहे, आणि तो मिळेपर्यंत जुन्या डिफरन्शियलचे ऑइल बदलून काम चालवणार आहे.