धोटा परत कसा येतो?

गेल्या जुलैतल्या एका मंगळवारी मी वडिलांना घेऊन रेकॉर्डिंगला गेलो. तबलजी म्हणून मला पंचवीस वर्षं होत आली, पण अप्पांनी स्टुडिओची पायरी चढायची ही पहिलीच वेळ. त्यांना माझं काम दाखवावं वगैरे काही मनात नव्हतं. एका प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं आणि ते त्यांना येत असणार, एवढंच.

प्रश्न असा. एका वेब सिरीजचं पार्श्वसंगीत चाललं होतं, गोष्ट गिरणगावातली. संगीतकार मुलगा तिशीच्या आतला, हुशार, गोड बोलणारा. त्याने यंत्रमागाचा आवाज कुठूनतरी मिळवून त्याचा एक तुकडा कापला होता आणि तोच लॅपटॉपवर पुढे पुढे चिकटवून ठेका बांधला होता. "दादा, यावर तबला हवाय, पण तबला वाटायला नको. मशीन वाटलं पाहिजे." आदल्या आठवड्यात मी तीन तास झटलो. डग्ग्यावर, म्हणजे डाव्या हाताच्या घुमणाऱ्या भांड्यावर, कापड टाकून वाजवलं, नुसत्या कडेच्या चाटेवर वाजवलं, शेवटी तर तबल्याच्या खोडावर हातोडी मारून बघितली. तो खूश नाही, मीही नाही. निघताना मी सहज म्हटलं, "माझे वडील गिरणीत साळखात्यात होते, माग चालवायचे. विचारू का?" तो म्हणाला, "घेऊनच या ना."

घेऊन जाणं सोपं नव्हतं. अप्पा 76 वर्षांचे आहेत आणि कामावर आहेत. पहाटे साडेतीनला उठतात, स्टेशनबाहेर बसून पेपर लावतात, पुरवण्या आत सरकवतात आणि साडेपाचला लाईन सुरू करतात. नव्वद घरं, त्यातली निम्मी एकाच टॉवरमध्ये. लिफ्टने थेट वर जायचं आणि जिन्याने एकेक मजला उतरत पेपर टाकायचे. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं वाईट, हे डॉक्टरांनी सांगून झालंय. हा टॉवर ज्या आवारात उभा आहे तिथेच त्यांचं साळखातं होतं. लिहिताना हे मलाच रचल्यासारखं वाटतंय, पण लोअर परळमध्ये पेपर टाकणाऱ्याला गिरणीच्या जागेवर पाय न ठेवता पोट भरता येत नाही, त्याला मी काय करू.

1969 साली ते संगमेश्वरकडून आले आणि बदली कामगार म्हणून गिरणीत लागले. पुढे कायम झाले, चार साचे सांभाळू लागले. बाहेरचे लोक माग म्हणतात, गिरणीत त्याला साचाच म्हणत. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा मी अडीच वर्षांचा होतो. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. अप्पा अजून कुणी विचारलं तर सांगतात, "मी? मी संपावर आहे." त्रेचाळीस वर्षं संपावर असलेल्या या माणसाला मी एक दिवस घरी बसलेला पाहिलेला नाही. पहाटे पेपर, रात्री वॉचमनगिरी, मधल्या दुपारी झोप.

आणि ती दुपार मी खात होतो. आमची बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. मी नऊ वर्षांचा असताना चाळीच्या भजनी मंडळात पत्र्याचा डबा बडवायचो. ते बघून अप्पांनी जुनी तबल्याची जोडी आणली, रद्दीच्या पैशांतून हप्त्याहप्त्याने फेडली. गुरुजींची फी एक तारखेला, पेपरची बिलं वसूल व्हायच्या आधी, कुठून द्यायचे ते आईलाही कधी कळलं नाही. शाळेतून आलो की मी रियाजाला बसायचो आणि दोन हातांवर अप्पा झोपलेले असायचे. गाढ. शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, "धन्य आहे हो तुमच्या मालकांची, एवढ्या कल्लोळात झोप लागते!" मी मोठा झाल्यावर मुलाखतीबिलाखतीत हे सांगायचो. वडिलांचा त्याग. टाळ्या मिळायच्या.

एका गोष्टीचा मात्र मला राग होता. माझ्या प्रत्येक कार्यक्रमानंतर अप्पा एकच वाक्य बोलत: "डग्गा बरा वाजला." दादरला पहिल्यांदा मोठ्या गायकाबरोबर बसलो, गुरुजींनी तिरकिटासारख्या जलद बोलांच्या सफाईसाठी पाठ थोपटली, आणि हे म्हणतात डग्गा बरा वाजला. मला वाटायचं, यांना त्यातलं काही कळत नाही. पण ते यायचे. उस्ताद अल्लारखाँच्या बरसीला, 3 फेब्रुवारीला, षण्मुखानंदमध्ये पहाटेपासून कार्यक्रम असतो. एका वर्षी लाईन दुसऱ्याकडे देऊन अप्पा माझ्याबरोबर आले. झाकीरभाईंनी काहीतरी अतिशय बारीक, अतिशय जलद वाजवलं आणि सगळं सभागृह हुंकारलं. त्या क्षणी अप्पा मंचाकडे बघत नव्हते, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते. तेव्हाच कळायला हवं होतं. झाकीरभाई गेले, त्यानंतर 17 डिसेंबर 2024 ला सकाळी अप्पा घरी आले ते मराठी, इंग्रजी, गुजराती, हिंदी, मिळतील तेवढ्या सगळ्या पेपरांची एकेक प्रत घेऊन. "ठेव. तुला लागतील," म्हणाले. स्वतःच्या खिशातून घेतल्या होत्या.

तर मंगळवार. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. स्टुडिओत थंडी फार म्हणून खांद्यावर टॉवेल. संगीतकार मुलाने मोठ्या स्पीकरवर त्याचा ठेका लावला. ठक-धड, ठक-धड, ठक-धड. अप्पांनी मान खाली घालून ऐकलं. मिनिटभराने विचारलं, "हा धोटा एकाच बाजूनं मारतोय?"

"म्हणजे काका?"

"इथनं मारला, तिकडं गेला. मग परत इथनंच मारतोय. धोटा परत कसा येतो?"

कोणी काही बोललं नाही. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट हसला, मग थांबला, कारण बरोबर होतं. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावणारं लाकडी साधन. तो डावीकडून फेकला जातो, उजव्या पेटीत जाऊन बसतो, मग उजवीकडून फेकला जातो. दोन्ही बाजूंचे फटके सारखे कधीच नसतात. एका बाजूचा चामडी पट्टा सैल, दुसऱ्या बाजूचा नवा, आणि कामगार ज्या बाजूला उभा तिकडचा आवाज जवळचा. लॅपटॉपवरच्या त्या मागात एकच फटका हजार वेळा चिकटवला होता. मी तीन तास त्याच्यावर तबला बसवत होतो आणि माझ्या हाताला काहीतरी खटकत होतं ते हेच.

"आणि एकच साचा कुठं असतो?" अप्पांना आता जोर आला. "चार असायचे माझ्याकडं. मिनिटाला दोनशे फटके एकेकाचे. पण चारी सारखे नाहीत. एक जरा पुढं, एक जरा मागं. साचा दुसऱ्या साच्याकडं बघत नाही. मधेच कधीतरी चारी एकदम पडतात, धडाम्, की पुन्हा पांगले. मी पाठ करून उभा असलो तरी एकाचा सूत तुटला की कळायचं. आवाजात भोक पडायचं."

आवाजात भोक. माझ्या सगळ्या शिक्षणात तालातल्या ‘खाली’चं, म्हणजे रिकाम्या जागेचं, इतकं चांगलं वर्णन मला कुणी करून सांगितलं नव्हतं.

मुलाचे डोळे चमकले. "काका, वाजवून दाखवाल?" कोपऱ्यात एक लाकडी खोका होता, तो पुढ्यात ओढला. माझी तबल्याची हातोडी एका हातात, दुसऱ्या हातात पाना, त्याला रुमाल गुंडाळलेला. म्हणजे दोन बाजूंचे दोन वेगळे फटके. हेडफोन चढवले. रेकॉर्डिस्टने क्लिक सुरू केली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी, क्लिक म्हणजे लय धरायला कानात वाजत राहणारी टिकटिक.

अप्पा नुसते बसून.

"अप्पा, सुरू करा."

"तुम्ही सुरू करा ना, मग करतो."

रेकॉर्डिस्टने आवाज थोडा वाढवला. अप्पा वाट बघतच होते. वायर बघितली, हेडफोन बदलले. मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि त्यांच्या कानावरच्या हेडफोनातून बाहेर गळणारी टिक टिक टिक मला दोन फुटांवरून स्वच्छ ऐकू येत होती.

रेकॉर्डिस्ट समजूतदार पोरगा. त्याने काही न बोलता मशीनवर चाचणीचे सूर काढले. "काका, आवाज आला की बोट वर करा हां." 250 हर्ट्झ, बोट वर. 500, वर. 1000 ला जरा थांबून वर. 2000 ला अप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग अर्धवट वर केलं. ते अंदाजाने होतं. 4000 ला शिट्टीसारखा सूर हेडफोनातून गळत होता, आणि अप्पांचं बोट मांडीवर होतं. तसंच होतं. नखाखाली पेपरची शाई. मी त्या बोटाकडे बघत राहिलो.

साळखात्यात आवाज 95 ते 100 डेसिबलच्या घरात असतो. तिथे माणसं ओठ वाचून आणि हातवारे करून बोलायची. अप्पा घरीही मोठ्याने बोलायचे, लहानपणी मला वाटायचं ते रागावलेत. अशा गोंगाटात वर्षानुवर्षं उभं राहिलं की कान आधी 4000 च्या आसपास जातो आणि वयाबरोबर ते भोक पसरत जातं. कापसाच्या गिरणीत कानात घालायला बोळाभर कापूस कुणी दिला नव्हता. आणि तिरकिटाची सफाई, चाटेची धार, ज्यासाठी मी तीस वर्षं बोटं झिजवली, ते सगळं वरच्या त्याच भागात असतं. डग्गा खाली असतो, शंभरच्या आसपास.

म्हणजे डग्गा बरा वाजला, ही त्यांची समज नव्हती. ती त्यांना पोचलेली सगळी मैफल होती. ऐकू आलं त्यातलं एकूण एक ते मला सांगत होते.

मला बाहेर जाऊन तोंड धुऊन यावं लागलं. परत आलो तर रेकॉर्डिस्टने क्लिक काढून जाड घुमणारा ठोका लावला होता आणि अप्पा खोक्यावर सुरू झाले होते. खरं तर त्यांना ठोक्याची गरजही नव्हती. पहिला साचा त्यांनी पाच मिनिटं न थांबता वाजवला. दुसऱ्या वेळी ठोका काढून टाकायला लावला, "हा मधे मधे येतोय." तिसरा, चौथा. चार थर एकावर एक लावले आणि स्पीकरवर सोडले, तेव्हा खोलीत जे झालं त्याला ठेका म्हणता येणार नाही. पांगत, जवळ येत, आणि मग एकदाच, कुणालाही न सांगता, चारी एकत्र. धडाम्. सम म्हणजे तालाचं आवर्तन जिथे येऊन मिळतं ती पहिली मात्रा. मी आयुष्यात इतक्या समा गाठल्या, पण गणित न करता आलेली सम पहिल्यांदा ऐकली. मग माझं काम दहा मिनिटांचं उरलं. नुसता डग्गा वाजवला, तोही कमी. तबल्याला हात लावला नाही.

निघताना व्हाउचरवर अप्पांची सही घेतली. पाकिटात किती आहेत ते त्यांनी रिक्षात मोजलं, पुन्हा मोजलं, आणि म्हणाले, "चुकून तुझे पण यातच घातलेत."

अंधेरीहून स्लो गाडी मिळाली, बसायला जागाही मिळाली. कानांच्या डॉक्टरांचा विषय मी काढला. त्यांनी तो खारपर्यंत ऐकला आणि सोडून दिला. मग मी मोठ्याने, कानाशी वाकून विचारलं, "अप्पा, दुपारी मी वाजवायचो तेव्हा तुम्हाला ऐकूच येत नव्हतं ना? म्हणून झोप लागायची?"

"डग्गा यायचा की."

"मग झोप?"

"डग्गा चालू असला की झोप लागायची. थांबला की जाग यायची." मग जरा हसले. "साचा थांबला की माणूस जागा होणारच."

सहावीत असताना मी अधूनमधून रियाज अर्धा टाकून क्रिकेटला पळायचो. परत आलो की अप्पा भिंतीला टेकून बसलेले असत, डोळे लाल. मला वाटायचं, त्यांची झोपच तेवढी.

माहीम गेलं तसं त्यांनी बटणांचा फोन काढला. "तो आवाज टीव्हीवर येणार ना नक्की? मग सांगायला हवं. आमच्या खात्यातले तिघं आहेत अजून." पहिला नंबर लावला. पलीकडचा माणूसही साळखात्यातलाच, तोही तेवढाच बहिरा, हे मला दोन वाक्यांत कळलं.

"अरे, साचा! साचा वाजवला आज!"

पलीकडून काहीतरी.

"नाही रे, लाच नाही! साचा! आपला साचा! चारी!"

डब्यातली माणसं मोबाईलमधून मान वर काढून बघायला लागली. समोरच्या बाईंनी मला खूण केली, आजोबांना जरा हळू बोलायला सांगा. दादर आलं, गाडी भरली, आणि अप्पा उभे राहून, एका हाताने कडी धरून, आणखी मोठ्याने सांगू लागले.