माऊस माझ्या हातात, गरगरतंय त्यांना

स्वतःच्या लॅपटॉपवर ३६० अंशांचे, म्हणजे चारही बाजू आणि वर-खाली सगळं टिपणारे फोटो फिरवून बघताना मला कधीच त्रास झाला नव्हता. त्यामुळे भरल्या सभागृहात प्रोजेक्टरवर ते दाखवायचं ठरलं तेव्हा तयारी म्हणजे फोटो निवडायचे आणि बोलायचं, एवढंच धरून चाललो होतो. तालमीला मित्राला म्हटलं, "तू चालव रे, मी मागच्या रांगेत बसून बघतो." दोन मिनिटांत डोळे मिटून घ्यायची वेळ आली.

घाटात गाडी लागते ती मागे बसलेल्याला, चालवणाऱ्याला क्वचितच. इथेही तसंच. माऊस ज्याच्या हातात, त्याला चित्र कुठे वळणार हे आधीच ठाऊक असतं. बाकीच्यांचे डोळे सांगतात आपण फिरतोय, आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो, छे, खुर्चीत बसलोय. पडदा जितका मोठा तितकं हे भांडण जोरात.

मग माऊस बाजूला ठेवला. हाताला झटके असतातच; कीबोर्डच्या बाणांनी वेग एकसारखा राहतो. सॉफ्टवेअरमधला वेग इतका कमी केला की काटकोनात वळायला आठेक सेकंद लागावीत. मला ते कंटाळवाणं वाटत होतं, पण मागच्या रांगेतून तेच बरोबर दिसत होतं. वळण्याआधी तोंडाने सांगायचं, "आता डावीकडे जाऊ." वळून झालं की थांबायचं, आणि महत्त्वाचं बोलणं थांबल्यावरच. वर-खाली आणि आडवं एकाच वेळी अजिबात नाही. आपोआप फिरत राहण्याची सोय तर पहिल्यांदा बंद केली.

दुसरी चूक दृष्टिकोनाची, म्हणजे एका वेळी किती अंश दिसावेत त्याची. लॅपटॉपवर मी ११० अंश ठेवायचो, जास्त दिसतं म्हणून. पडद्यावर कडेची माणसं रबरासारखी ताणली गेली. ७५ वर आणलं तेव्हा माणसं माणसांसारखी दिसू लागली. पण चित्र जवळ आलं की पिक्सेल उघडे पडतात. माझा फोटो १२,००० बाय ६,०००, म्हणजे ७.२ कोटी पिक्सेल, ऐकायला भरपूर. पण ते १२,००० पूर्ण वर्तुळाला वाटले जातात, ७५ अंशांच्या वाट्याला येतात जेमतेम २,५००. प्रोजेक्टर १९२० पिक्सेल रुंदीचा होता म्हणून निभावलं. जुना फोटो ६,००० रुंदीचा होता, तो यादीतून काढला.

गुहेच्या फोटोने मात्र रडवलं. प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही. सभागृहातल्या उजेडात पडदा जेवढा काळा दिसतो, तेवढाच काळा. माझ्या स्क्रीनवर ज्या सावल्यांत खडकाचे थर दिसत होते, तिथे पडद्यावर नुसतं राखाडी डबकं. फक्त प्रोजेक्टरसाठी वेगळी प्रत केली आणि सावल्या बऱ्याच उजळल्या. लॅपटॉपवर ती प्रत भिकार दिसते.

इंटरनेटवर विसंबायचं नाही म्हणून सगळं लॅपटॉपवर उतरवलं होतं. फाइलवर डबल-क्लिक केलं तर ब्राउझरमध्ये नुसती काळी चौकट, कारण सुरक्षेपायी तो थेट डिस्कवरच्या फोटोंना हात लावू देत नाही. लॅपटॉपवरच छोटा सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला वेबसाइटसारख्या फाइली पुरवणारा प्रोग्राम, चालू केल्यावर सुटलं. हे आदल्या रात्री कळलं, नशीब.

प्रत्यक्ष दिवशी तिसऱ्या फोटोला एका आजोबांनी विचारलं, "मागे काय आहे हो, दाखवता का?" मी ठरवलेला क्रम सोडला आणि हळूहळू मागे वळवलं. मग काय, "वर बघू", "त्या दाराशी थांबा", लोकच चालवायला लागले. गंमत म्हणजे कोणाला गरगरल्यासारखं दिसलं नाही. कुठे वळायचं ते त्यांनीच सांगितलेलं होतं ना!

शेवटी एका मुलीने विचारलं, "काका, तुम्ही कुठे आहात यात?" मी ऐटीत म्हणालो, "मी कुठेच नाही, ट्रायपॉडसुद्धा पुसलाय," आणि दाखवायला खाली वळलो. ट्रायपॉड खरंच नव्हता. त्याची तीन पायांची सावली तेवढी गवतावर लांबच लांब पडलेली, आणि शेजारी टोपी घातलेली माझी.