राहिलेलं दर्शन आणि आत्तीचे खेटे

२०२२ च्या जुलैत मी नैनसरोवराच्या काठावर दगडाला टेकून उलट्या करत होतो, आणि वर धुक्यात कुठंतरी श्रीखंड महादेवाची शिळा होती, हिमाचलातल्या डोंगरमाथ्यावरची, शंकर म्हणून पुजतात ती, ती मला दिसली पण नाही. तिथनंच मागं फिरलो. आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा मावसभाऊ, कोल्हापूरहून दिल्ली, तिथनं रामपूर, निरमंड करत कुल्लू जिल्ह्यातल्या जाओं गावापर्यंत पोचलेलो, आणि एवढं सगळं करून शेवटच्या टप्प्यात माझ्यामुळं त्याचं पण दर्शन हुकलं. तो तब्येतीनं ठणठणीत होता, वर जाऊ शकत होता, पण मला एकट्याला खाली सोडायला तयार झाला नाही. माझं राहिलं याचं मला एवढं वाटलं नाही जेवढं त्याचं राहिलं याचं वाटलं, आणि ते दोन वर्षं आत सलत राहिलं.

चूक माझीच होती. डोकं भीमद्वारच्या, म्हणजे वाटेतल्या मुक्कामाच्या तंबूतच ठणकायला लागलं होतं. त्यानं दोनदा विचारलं, "बरं हाय न्हवं?" मी दोन्ही वेळा "एकदम ओके" म्हटलं. रात्री दोनला निघालो, पार्वतीबाग येईपर्यंत पायांचा आणि माझा संबंध तुटल्यासारखा झाला, तरी बोललो नाही, आता एवढं आलोय तर होईल म्हणून चालत राहिलो. जाओंपासून भीमद्वारपर्यंत आम्ही दोन दिवसांत पळत आलो होतो, शरीराला त्या हवेची सवय व्हायला वेळच दिला नव्हता. शिळा आहे ५२२७ मीटरवर, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो. अशा ठिकाणी दुखणं लपवणं म्हणजे सोबतच्याचा जीव पण टांगणीला लावणं, हे मला खाली उतरताना कळलं, कारण बॅगा दोन्ही त्याच्या पाठीवर होत्या आणि माझा हात त्याच्या खांद्यावर होता.

२०२३ ला तर प्रश्नच नव्हता, त्या जुलैत पावसानं हिमाचलात हाहाकार केला होता. मग २०२४ चं ठरवलं. आणि त्याची तयारी कुठल्या जिममध्ये झाली नाही, आमच्या आत्तीबरोबर झाली.

आत्ती वडणग्याची, वडिलांची थोरली बहीण, साठी कधीच पार केलेली. जोतिबाचे खेटे तिनं कधी चुकवलेले मला आठवत नाहीत. कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो, माघात सुरू होतात, पाच रविवार कोल्हापुरातनं चालत वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर जायचं, शिवाजी पूल ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख आणि मग डोंगर. वाट सगळी मिळून अठरा-वीस किलोमीटर होते, बरेचजण अनवाणीच असतात. यामागची गोष्ट अशी सांगतात की रत्नासुराला मारून जोतिबाचं इथलं काम संपलं, देव परत हिमालयात केदाराला निघाला, तेव्हा अंबाबाई कोल्हापुरातनं अनवाणी चालत डोंगरावर गेली आणि त्याला थांबवून घेतलं. आईनं घातलेला तो खेटा, म्हणून आपण पण घालायचा.

आता गंमत बघा, आत्तीचं घर वडणग्यात, म्हणजे वाटेवरच. पण ती घरातनं सरळ डोंगराकडं निघत नाही. आदल्या रात्री आमच्याकडं मुक्कामाला येते, पहाटे तीनला पंचगंगेच्या घाटावर आंघोळ करते आणि मग स्वतःच्या घरावरनं चालत पुढं जाते. मी विचारलं तर म्हणाली, "आई मधनं निघाली हुती का? मग मी कशी मधनं निघू?"

पहिल्या खेट्याला मी आपला ट्रेकिंगचे बूट घालून झपाझप सुटलो. निगव्याच्या पुढं माझा श्वास फुललेला आणि आत्ती मागनं आपल्या चालीनं येतेय, न थांबता. अंधार होता, उसाच्या फडातनं गार वारं येत होतं, कुठल्यातरी गुऱ्हाळाचा तो गोड करपट वास, आणि मागनं पुढनं सारखं "जोतिबाच्या नावानं" आणि सगळ्यांचं "चांगभलं". आत्तीनं आरोळी दिली आणि माझ्या तोंडातनं "चांग" एवढंच निघालं, पुढचं निघालंच नाही. ती थांबली. म्हणाली, "चांगभलं म्हणाया येईना म्हंजे पाय लई पळाय लागल्यात. देवाचं नाव घेता येईल एवढंच चालायचं, बाळा."

एवढंच. पण मला इतकी वर्षं ट्रेकिंग करून कुणी एवढं सोपं सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी तिच्या मागं चालायला लागलो. कुशिऱ्याच्या पुढं चढ लागतो, डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून ३१०० फुटांच्या आसपास, हिमालयापुढं काहीच नाही, पण पहाटेपासून चालून आल्यावर तो चढ पोटऱ्यांना बरोबर कळतो. आत्ती चढावर पावलं अर्धी करायची, लहान पोरगं चालतं तशी. थांबायची नाही पण घाई पण नाही. तिसऱ्या खेट्याला मी बूट घरी ठेवले. अनवाणी चालताना माणूस आपोआप बघून पाय टाकतो, प्रत्येक दगड तपासून, आणि ही सवय मला नंतर जी उपयोगी पडली ती पडलीच.

पाचव्या खेट्याला देवळात गर्दी, गुलालानं फरशी लाल झालेली. सध्याचं जे मोठं देऊळ आहे ते राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं, मी लहानपणापासून येतोय पण त्या दिवशी पहिल्यांदा त्या दगडांना हात लावून निवांत बसलो. आत्तीनं कागदात बांधलेली गुलालाची पुडी हातात ठेवली. म्हणाली, "आपला देव तिकडं जायचा ऱ्हायला, आईनं ठिवून घेतला. तू जाऊन ये. ह्यातला निम्मा तिथं आणि निम्मा परत आण."

जुलैत आम्ही दोघं परत जाओंत. यावेळी मावसभावाला निघायच्या आधी शब्द दिला होता की काही झालं तरी खोटं बोलणार नाही. सिंघगडला नोंदणी आणि मेडिकल तपासणी झाली, बराठी नाला ओलांडला आणि डंडाधारचा चढ सुरू. हा चढ ज्यानं केलाय त्यालाच माहिती. देवदाराच्या जंगलातनं उभाच्या उभा, मुळांच्या पायऱ्या, सपाट जागा म्हणून नाही, थाचडू येईपर्यंत तो सोडतच नाही. गेल्या वेळी मी तिथं लोकांना मागं टाकत गेलो होतो. यावेळी सगळे मला मागं टाकत गेले, आणि मी आपला दहा पावलांना एकदा हळूच चांगभलं म्हणून बघत होतो, पूर्ण निघतंय का. एका लंगरमधल्या पंजाबी काकांनी विचारलं हे काय म्हणता सारखं, त्यांना मोडक्या हिंदीत सांगितलं, तर पुढच्या वेळी तेच मला बघून ओरडले, "चांगभलं!"

थाचडूला मुक्काम, मग काली घाटी, कुंशाचं ते फुलांनी भरलेलं कुरण, भीमद्वार. भीमद्वारला एक दिवस जादा थांबलो. नुसतं बसून राहणं जिवावर आलं होतं, हवा चांगली होती, लोक वर निघाले होते, पण बसलो. संध्याकाळी डोकं जड झालं. लगेच सांगितलं. मावसभाऊ हसला नाही का वैतागला नाही, गरम पाणी आणून दिलं, म्हणाला, "सकाळी बघू, उतरायचं तर उतरू." रात्री दीडला उठलो तेव्हा डोकं हलकं होतं.

पार्वतीबागेत बॅटरीच्या उजेडात ब्रह्मकमळं दिसली, दवानं भिजलेली, हात न लावता पुढं गेलो. नैनसरोवरला उजाडायला लागलं. तोच दगड शोधला मी, दोन वर्षांपूर्वी टेकलो होतो तो, का तसलाच दुसरा, सांगता येत नाही. पार्वतीच्या डोळ्यातलं पाणी पडून हे तळं झालं म्हणतात. एका बाटलीत थोडं पाणी घेतलं.

तिथनं वर वाट नाहीच म्हणा. नुसते दगड. एसटीएवढे, फ्रिजएवढे, घमेल्याएवढे, एकावर एक पडलेले, काही डुलणारे. हातानं धरून, गुडघा टेकून, बसून सरकत जायचं. मी प्रत्येक दगडावर पूर्ण वजन टाकायच्या आधी पायानं दाबून बघत होतो, आत्तीच्या मागं चालताना लागलेली सवय. एक डोंगर संपला की दुसरा पुढं उभा, तो संपला की तिसरा, मन तिथंच खचतं, पायाच्या आधी. भीमबहीला ते चौकोनी चपटे दगड थरावर थर रचल्यासारखे दिसले, त्यांवर अक्षरांसारख्या रेघा, भीमानं लिहून ठेवल्यात असं तिथले लोक सांगतात. तिथं चांगभलं निघेना झालं. दोघंही थांबलो. श्वास मोजला, चार घोट पाणी, परत म्हणून बघितलं, निघालं. चाललो. शेवटी बर्फाचा पट्टा, लोकांच्या पावलांनी पाडलेल्या खाचांत पाय ठेवत एक एक करून पार केला.

आणि मग एकदम शिळा. सत्तरेक फूट उंच, उभी, मधनं चिरलेली, मागं नुसतं आभाळ. मावसभाऊ पुढं होता, तो तिथंच गुडघ्यावर बसला आणि ढसाढसा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो, काही बोलायचं सुचलं नाही. त्याचं राहिलेलं दर्शन झालं होतं. मग पुडी उघडली, चिमूटभर गुलाल शिळेच्या पायाशी ठेवला, एक बोट त्याच्या कपाळाला लावलं, एक माझ्या. त्यानं आरोळी दिली, जोतिबाच्या नावानं, आणि माझं चांगभलं अख्खं निघालं, मोठ्यानं.

उतरताना पावसानं गाठलं, सगळं भिजलं, गुडघ्यांची वाट लागली, तो भाग सांगत बसत नाही.

घरी आल्यावर आत्तीला पाण्याची बाटली आणि पुडी दिली. गुलाल ओल धरून खड्यासारखा घट्ट झाला होता, कागदाला चिकटलेला. मला वाईट वाटलं, नीट सांभाळायला पाहिजे होता. आत्तीनं कागद हळू सोलून काढला, तो खडा तळहातावर घेऊन अंगठ्यानं कुस्करला, कुस्करत राहिली, परत मोकळा होईपर्यंत, आणि करंड्यात भरून देव्हाऱ्यात ठेवला, माघातल्या पहिल्या खेट्याला डोंगरावर न्यायला.