आमची वाटचाल : गाईडांपासून शिक्षकांच्या कपाटापर्यंत

कोल्हापुरात राजारामपुरीत पुस्तकांचं दुकान टाकलं तेव्हा आमचाही सगळा भर जूनच्या सीझनवर होता. पाठ्यपुस्तकं, गाईडं, वह्या. हळूहळू शिक्षिका वेगळंच विचारू लागल्या. ‘पोरगं तोंडी सगळं घडाघडा सांगतं, वहीत मात्र काहीच उतरत नाही. यावर काही आहे का तुमच्याकडे?’ २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमताही (वाचन, लेखन, गणित शिकण्यात येणारी अडचण) धरली, तशी ही विचारणा वाढली. आज बालविकास आणि शालेय समुपदेशनाची पुस्तकं हेच आमचं मुख्य काम आहे.

पुस्तक आधी आम्ही घरी वाचतो, मगच शाळेला दाखवतो. डिस्लेक्सियावरची, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीवरची, बरीच पुस्तकं इंग्रजी ‘बी’ आणि ‘डी’च्या उलटापालटीवर भर देतात. आपल्या मुलांची अडचण निराळी. ‘कि’मधली वेलांटी आधी लिहायची, पण उच्चारायची मागून. ‘सूर्य’मधला र आधी उच्चारायचा आणि लिहिताना रफार करून य च्या डोक्यावर द्यायचा. घ-ध, भ-म यांची गल्लत तर वर्गात रोज दिसते. याचा विचार नसलेलं पुस्तक कितीही देखणं असो, मराठी शाळेच्या यादीत आम्ही घालत नाही.

प्ले थेरपीचं, म्हणजे खेळातून मुलाच्या मनावर उपचार करण्याच्या पद्धतीचं, तसं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांचं १९४७चं पुस्तक आम्ही आजही आवर्जून सुचवतो. वाट मुलानं दाखवायची, मोठ्यांनी मागून जायचं, हे त्यातलं तत्त्व कुठल्याही भाषेतल्या मुलाला लागू पडतं. मात्र देताना बजावतो, की बाई, यातून मूल समजून घ्या. उपचार तज्ज्ञांनाच करू द्या.

एका बाबतीत आम्ही फार कडक आहोत. मुलानं सांगितलेलं कुणालाच कळू देऊ नका, असा सरसकट सल्ला देणारं पुस्तक आमच्याकडे मिळणार नाही. २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, गप्प बसणं हा गुन्हा आहे. अशा विषयावरच्या प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर आम्ही १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनची चिठ्ठी चिकटवतो.

कागल, गारगोटीकडच्या शाळांना नमुना प्रती चाळायला देतो. शिक्षकांनी समासात पेन्सिलीनं बिनधास्त लिहावं. कुठलं प्रकरण वर्गात उपयोगी पडलं, कुठलं नुसतंच जड वाटलं, ते पाहूनच आम्ही पुढची खरेदी करतो.